तांड्यातली शेवटची गाडी

हार्लन टेस्केने उभ्या आयुष्यात एकही नट अंदाजाने आवळला नाही. ॲरिझोनातल्या तांब्याच्या खाणीत त्याने एकतीस वर्षं डंपरची चाकं बसवली. एकेक टायर दोन माणसांच्या उंचीचा, एकेक नट मुठीएवढा. पाना लावायचा, काटा ठरल्या आकड्यावर येईपर्यंत ओढायचं, मग खडूने खूण करायची. दुसऱ्याने आवळलेला नटही तो पुन्हा तपासायचा. लोक चिडायचे. चिडले तर चिडले. त्याच्या पाळीत बसवलेलं चाक कधी निखळलं नाही, आणि हे तो कुणाला सांगतही नसे. ज्याचं काम त्याला ठाऊक, एवढं त्याला पुरे होतं.

खाण बंद पडली, पुढे आणखी कुठे कुठे काम करून तो निवृत्त झाला, आणि बायको आयडेलाला घेऊन कासा ग्रँडच्या ट्रेलर-वस्तीत राहायला आला. वस्तीत सगळे पेन्शनवाले. आयुष्यभर पोटासाठी राबलेली, गुडघे झिजलेली माणसं. प्रत्येकाकडे पिकअपला जोडायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर: एक पलंग, दोन शेगड्या, बसायला बाक. वर्षातले अकरा महिने ते घर उन्हात उभं असायचं. जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी मात्र सात-आठ ट्रेलर तांडा करून निघत, सीमा ओलांडून खाली मेक्सिकोत, पेन्यास्कोच्या किनाऱ्यावर. तीन आठवडे समुद्र, कोळंबी आणि झोप.

तांड्याचे नियम जुने होते. पुढे वाट दाखवणारी गाडी, ती बर्निस ओल्डेकरची. बर्निसने तीस वर्षं टपाल वाटलं होतं. तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जायचा. सगळ्यात मागे शेपूट, म्हणजे हार्लन. कुणाची गाडी बंद पडली की बाकीच्यांनी पुढे जायचं, शेपटाने थांबायचं. डोक्यावर दोन्ही हात आडवे धरले की अर्थ एकच, मला मदत हवी. ते हात दिसल्यावर शेपूट पुढे जात नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरज नव्हती.

हार्लनच्या पिकअपमध्ये दोन जॅक होते, चार फळ्या, चाकाला लावायचे सहा लाकडी ठोकळे, हातमोजे, पाणी. ट्रेलरचं चाक बदलायला त्याला बावीस मिनिटं लागत. वाळूत पंचवीस.

निघण्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, तो डोक्याला दिवा बांधून प्रत्येक ट्रेलरखाली शिरायचा. कुणी बोलावलेलं नसायचं. नट तपासायचा, बेअरिंगवर हात ठेवायचा, आणि टायरच्या कडेला छापलेले चार आकडे वाचायचा. ते आकडे सांगतात टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली झाला. ट्रेलरवाल्यांची खोड एकच, सगळीकडे सारखी. टायर वर्षात सहाशे मैल चालतो, म्हणून त्याची नक्षी नव्यासारखी राहते, आणि नक्षी नवी म्हणजे टायर नवा असं समजून माणूस खुशाल निघतो. पण टायर उभ्याउभ्या म्हातारा होतो. ऊन त्याला आतून सुकवतं.

क्लोव्हिस बॅचेल्डरचे टायर नऊ वर्षांचे होते.

क्लोव्हिस शेजारचाच. जन्मभर भिंतींना गिलावा चढवणारा, अंगाने आडवा, तोंडाने त्याहून आडवा. त्याची बायको मार्व्हेल आणि आयडेला या तीस वर्षांच्या मैत्रिणी. खाणीच्या गावात एकाच बेकरीत उभ्या राहून दोघींनी पाव विकले होते.

"क्लोव्हिस, हे टायर बदल," ट्रेलरखालून हार्लन म्हणाला. हे त्याचं तिसरं वर्ष होतं सांगण्याचं.

"अरे नक्षी तरी बघ. बाळाच्या गालासारखी आहे."

"नक्षी नको सांगूस मला. ही चीर बघ."

"ती? माझ्या टाचेला याहून मोठी आहे. मी चालतोय ना?"

"वाटेत फुटला तर?"

"फुटला तर तू आहेस ना मागे! तुला तरी दुसरं काय काम आहे?"

त्या संध्याकाळी वस्तीच्या ओट्यावर जेवण होतं. प्रत्येकाने एकेक भांडं आणलेलं. राजमा, बटाटे, मक्याचा पाव, मार्व्हेलची सफरचंदाची वडी. जेवण रंगात आलं तेव्हा क्लोव्हिस उठला. त्याने हार्लनचा दिवा कुठून तरी पळवून स्वतःच्या डोक्याला बांधला होता. हातात वाढायचा डाव. तो वाकून एकेका खुर्चीच्या पायावर डाव वाजवत निघाला, कान लावून ऐकू लागला, मान हलवू लागला.

"अरेरे. ही गेलीच. ही दोन वर्षं काढील. बर्निस, तुझी खुर्ची ठीक आहे, पण वरचा माल जुना आहे."

"तुझ्या बायकोला विचार कुणाचा माल जुना आहे ते!" बर्निस ओरडली.

शेवटी तो हार्लनपाशी आला. गुडघ्यावर बसला, खुर्चीखाली डोकं घातलं, आणि तिथूनच किंचाळला, "अठ्ठ्याण्णव साल! हार्लन, ऊठ रे बाबा, हलू नकोस, म्हणजे ऊठ पण हलू नकोस, कधीही फुटेल तुझ्या बुडाखाली!"

सगळे लोळायचे बाकी राहिले. आयडेलाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. हार्लनही हसला. तोंडाने हसला. बाकीच्यांचं त्याला फारसं काही वाटलं नाही. आयडेलाचं हसणं मात्र आत कुठेतरी जाऊन बसलं.

सकाळी तांडा निघाला. लुकव्हिलला सीमा ओलांडली. बर्निसबरोबर पुढे बसणारी बाई तापाने पडली होती, म्हणून मार्व्हेल तिच्या गाडीत गेली. क्लोव्हिस आपल्या गाडीत एकटाच, त्याचा नंबर शेवटून दुसरा. सोनोइटा गावातले उंचवटे हळूहळू पार केले, मग सरळ रस्ता लागला. उजवीकडे काळे डोंगर, डावीकडे झुडपं, समोर शंभर किलोमीटर काहीच नाही.

त्रेचाळिसाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ क्लोव्हिसच्या ट्रेलरचा उजवा मागचा टायर फुटला. हार्लनला आधी रबराच्या चिंध्या उडताना दिसल्या, मग ट्रेलर डुलताना. गाडी क्लोव्हिसने नीट सावरली, तेवढं त्याचं कौतुक केलं पाहिजे. साइडपट्टी जेमतेम, पुढे भुसभुशीत वाळू. तिथे तो थांबला, खाली उतरला, मागून येणाऱ्या हार्लनकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले.

हार्लनचा पाय ब्रेकवर होता. गाडीचा वेग निम्मा झाला होता. त्याला क्लोव्हिसचा चेहरा दिसला. क्लोव्हिस ओशाळं हसत होता, माणूस चूक पकडली गेल्यावर हसतो तसं. पण हार्लनला त्या क्षणी ते कालचंच हसू वाटलं.

त्याने पाय उचलला.

"हार्लन," आयडेला म्हणाली, "अरे, तो हात करतोय."

"दिसतंय मला."

"मग?"

"स्टेपनी आहे त्याच्याकडे. आज पाना जरा त्यालाही फिरवू दे."

क्लोव्हिस खिडकीच्या बाजूने मागे गेला. हात अजून डोक्यावरच.

मिनिटाभराने, तांड्यातल्या गाड्या एकमेकींशी ज्यावर बोलत त्या रेडिओवर बर्निस बोलली. "शेपूट, मागे सगळं ठीक आहे ना? कुणी काही बोलत नाही म्हणून विचारते."

रेडिओचा माइक आयडेलाच्या मांडीवर होता. हार्लनने तो उचलला. "सगळं ठीक आहे," तो म्हणाला आणि माइक परत तिथेच ठेवला.

मागे ट्रेलर जोडलेला असताना गाडी वाटेल तिथे वळवता येत नाही. पहिली वळवण्यासारखी जागा अकरा किलोमीटरवर होती, एका बंद पडलेल्या खाणावळीसमोरचं मैदान. तिथे येईपर्यंत हार्लनचा राग बराच उतरला होता. मैदान दिसलं तसा त्याने वेग कमी केला. आता वळायचं तर सांगायला लागणार, आधी का नाही थांबलास. काय सांगायचं? त्याने पुन्हा वेग वाढवला.

किनाऱ्यावर पोचल्यावर त्याने सगळी कामं नेहमीसारखी केली. चाकांखाली फळ्या सरकवल्या. ट्रेलर समपातळीत आणला. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधे. ट्रेलरचे टेकू-पाय खाली सोडले, पाण्याची नळी जोडली. एक गोष्ट चुकली नाही. मार्व्हेल वाळूतून चालत आली.

"माझा म्हातारा कुठे राहिला?"

"टायर बसला त्याचा. येतोच आहे."

"आणि तू इथे?"

हार्लन नळी घट्ट करत राहिला. "येईल," तो म्हणाला.

मार्व्हेल गेली. मग मात्र त्याचे हात भराभर चालू लागले. ट्रेलर सोडून नुसती पिकअप घेऊन मागे जायचं त्याने ठरवलं. तो ट्रेलर जोडायचा आकडा सोडवत होता तेव्हाच बर्निस धावत आली. सत्तरीला टेकलेली बाई धावते म्हणजे काय ते त्याला कळलं.

क्लोव्हिसने जॅक सरळ वाळूत लावला होता. खाली फळी नाही, दुसऱ्या चाकाला ठोकळा नाही. चाक निघालं, नवं चाक बसवायला त्याने डावा हात आत घातला, आणि जॅक कलंडला. कोळंबीसाठी बर्फ नेणारा एक ट्रकवाला, एलेउतेरियो नावाचा, तिथून जात होता. त्याने आणि त्याच्या जोडीदाराने ट्रेलर खांद्याने उचलून हात सोडवला, बर्फात गुंडाळला, आणि क्लोव्हिसला पेन्यास्कोच्या दवाखान्यात आणून टाकलं. दोन बोटं गेली. उरलेली पुढे कधी वाकली नाहीत.

दवाखान्याच्या खोलीत सगळे दाटीने उभे होते. हार्लन सर्वात मागे, दाराशी. तो बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. मार्व्हेल रडत विचारत होती, "पण हार्लन का नाही थांबला? शेपूट कशाला असतं मग?"

पलंगावरून क्लोव्हिस म्हणाला, "त्याला कशाला बोलतेस? मीच हात करून सांगितलं, जा पुढे. एक टायर मला बदलता येत नाही का?"

मार्व्हेल थांबली. नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझा मोठेपणा मेला."

हार्लनने तोंड मिटलं. त्या दिवशी मिटलेलं तोंड अकरा वर्षं मिटलेलंच राहिलं.

त्या हाताने ट्रेलर जोडणं-सोडणं क्लोव्हिसला जमेना. पुढच्या वर्षी त्याने आणि मार्व्हेलने पिकअप विकून टाकली आणि ट्रेलर पेन्यास्कोतच जुन्या बंदरामागे कायमचा उभा केला. म्हणजे हार्लनची आणि त्यांची गाठ दर जानेवारीला पडणारच. मार्व्हेल सगळ्यांदेखत नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायची, त्याच्या ताटातली कोळंबी सोलून द्यायची.

"हार्लनला हाकललं आणि स्वतः बसला जॅक लावायला," ती म्हणायची. "भोग आता."

"भोगतोय ना, राणीसाहेब," क्लोव्हिस म्हणायचा.

लोक हसायचे. हार्लन ताटाकडे बघायचा. एका वर्षी तर मार्व्हेलने स्वतः सोललेली कोळंबी त्याच्याही ताटात टाकली. "खा. तू तरी काय करणार होतास? हा ऐकतो का कुणाचं?"

दरवर्षी निघताना तो ठरवायचा की या खेपेला मार्व्हेलला बाजूला घेऊन सांगायचं. एका खेपेला तिची बहीण आलेली होती. एकदा क्लोव्हिसला ताप होता. एकदा सगळं जुळून आलं. दोघं धक्क्यावर उभे, जवळ कुणी नाही, आणि मार्व्हेल त्याला पेलिकन दाखवत राहिली, आणि तो पेलिकन बघत राहिला. पुढे पुढे तो ठरवेनासाही झाला. तांड्याने शेपटाचं काम त्याच्याकडेच ठेवलं. त्यानंतर त्याने एकाही गाडीला मागे टाकलं नाही. एकदा तर भर दुपारच्या उन्हात एकाच्या ट्रेलरचा अख्खा आस बदलला, रस्त्यावर, सहा तास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काम चोख झालं होतं. पण त्या एका दिवसाचं काम राहिलं होतं ते राहिलंच, आणि एका कामाची भरपाई दुसऱ्या कामाने होत नाही हे हार्लनइतकं कुणाला कळत होतं?

गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांत दोष निघाला. बघावं तिथे नेमका मधोमध धुरकट डाग, कडेचं तेवढं स्वच्छ. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर नजर त्याच्या कानाच्या पलीकडे ठेवावी लागे. डॉक्टरांनी गाडी बंद केली. आयडेलाने एकाहत्तराव्या वर्षी ट्रेलर ओढायला शिकून घेतलं. तिची पहिली उतरण बघून हार्लन म्हणाला, "ब्रेक उशिरा लावतेस," आणि आयडेला म्हणाली, "मग उतर आणि चालत ये." बरी चालवायची ती.

ऑगस्टमध्ये बर्निसचा फोन आला. मार्व्हेल गेली. पोटाचा आजार, तीन महिन्यांत आटोपलं. आयडेला दोन दिवस स्वयंपाकघरात बसून होती. हार्लनने पत्र लिहायला घेतलं. चार ओळी लिहिल्या, फाडल्या, आणि बाजारातलं छापील कार्ड पाठवलं.

यंदाची खेप त्याची शेवटची. तांड्याने शेपटाचं काम लायल फॉस नावाच्या साठीच्या माणसाला द्यायचं ठरवलं होतं, आणि गुरुवारी दुपारी किनाऱ्यावर हार्लनसाठी जेवण. बर्निसने एका लाकडी पाटीवर काही कोरून आणल्याचं आयडेलाला समजलं होतं.

"काय कोरलंय?" हार्लनने विचारलं.

"सतरा वर्षं, एकालाही मागे टाकलं नाही. असं काहीतरी."

बुधवारी सकाळी हार्लन एकटाच बंदरामागे चालत गेला.

क्लोव्हिस ट्रेलरच्या सावलीत बसला होता. शर्टाला बटणं नव्हती. बटणांच्या जागी वेल्क्रोची पट्टी शिवलेली, तीही वाकडी.

"ये. कॉफी गार आहे. ती असती तर गरम मिळाली असती. कशाला आलास, टायर तपासायला? काढून टाकले मी. आता विटांवर उभा आहे. विटांचं साल बघायचं असेल तर बघ."

"बोलायचं होतं."

"तू? बोल. मी तारीख लिहून ठेवतो."

हार्लन बसला नाही. "त्या दिवशी तू मला जा म्हणाला नव्हतास. डोक्यावर हात धरले होतेस. मी बघितलं. बघून गेलो."

क्लोव्हिसने कप खाली ठेवला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "काचेतून तुझं तोंड दिसलं होतं मला."

"मग रेडिओवर का नाही बोललास? बर्निस अजून पल्ल्यात होती."

"माइक हातात घेतला होता. तू सगळं ठीक आहे म्हणालास ते ऐकलं. मी म्हटलं, आता बोललो तर याची अब्रू जाईल. आदल्या रात्रीची थट्टा जरा जास्तच झाली होती. म्हटलं, पुढच्या मैदानातून वळून येईल. शिव्या देत येईल, पण येईल. वीस मिनिटं बसलो रस्त्याकडे बघत. मग पल्लाही गेला आणि तूही गेलास."

हार्लन पालथ्या बादलीवर बसला.

"उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे मी," तो म्हणाला.

"कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"आणि अकरा वर्षं ते काय होतं?" क्लोव्हिसचा आवाज चढला नव्हता. "जिला ऐकायचं होतं ती ऑगस्टमध्ये गेली, हार्लन. रोज सकाळी माझी बटणं लावायची आणि रोज म्हणायची, तुझा मोठेपणा. शेवटच्या आठवड्यातसुद्धा. हार्लनला थांबू दिलं असतंस तर तुझं काय जाणार होतं रे, असं म्हणायची ती, दुसरं काही बोलायची, आणि पुन्हा तिथेच यायची. हाताचं सोड. टायर माझा जुना होता, जॅक मी वाळूत लावला. पण ती जाताना माझ्यावर चिडलेली गेली. तू एकदा येऊन तिला म्हणाला असतास ना, मार्व्हेल, यात याची चूक नव्हती, तर मी तुला तिथल्या तिथे माफ केलं असतं. वर जेवायला घातलं असतं."

"तू स्वतः का नाही सांगितलंस तिला?"

"मी सांगितलं असतं तर ती काठी घेऊन तुझ्या ट्रेलरवर आली असती. मग आयडेलाचं काय? दोघींचं तीस वर्षांचं होतं. माझी दोन बोटं गेली, तिची मैत्रीण कशाला घालवू? ते तुझं काम होतं. मी दर जानेवारीला वाट बघायचो. तुझी गाडी वाळूत उतरताना दिसली की म्हणायचो, यंदा सांगतो वाटतं."

समुद्राला ओहोटी लागली होती. बंदरातल्या होड्या चिखलात एका कुशीवर पडल्या होत्या.

"उद्या बोलू नकोस," क्लोव्हिस म्हणाला. "तुझ्यासाठी नाही सांगत. या लोकांत मी हट्टी म्हातारा आहे, ज्याने मदत नाकारली. उद्या तू बोललास की मी रस्त्यावर टाकून दिलेला म्हातारा होईन. सगळे येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवतील. मला ते नको. तुला मोकळं व्हायचंय, हो ना? मग माझ्या खर्चाने होऊ नकोस."

हार्लनने मान डोलावली. उठला. "छप्पर गळतं का?" त्याने विचारलं. "सांध्यावर काळं पडलेलं दिसतंय कडेने."

"गळतं. पण तू चढू नकोस. तुला दिसत नाही, मला धरता येत नाही. दोघं मिळून एक मढं खाली आणू." क्लोव्हिस थोडं हसला. "जा आता. उद्या येतो मी जेवायला. कोळंबी सोलायला कुणीतरी लागेल."

तो परत आला तेव्हा आयडेला ट्रेलरच्या पायरीवर बसलेली होती. कुठे गेला होता हे तिने विचारलं नाही.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाला?"

"उशीर झाला म्हणाला. बोलू नकोस म्हणाला."

आयडेलाने ॲप्रनच्या कडेला घडी घातली, उलगडली, परत घातली. "माइक माझ्या मांडीवर होता, हार्लन. तू बोलून परत तिथेच ठेवलास. माझ्या हाताला लागून होता. पेन्यास्को येईपर्यंत. आणि त्यानंतर अकरा वर्षं मी तिच्याबरोबर बसून भाज्या चिरल्या. सगळं तुझ्यावर टाकून बसले. तुझी चूक आहे, तूच सांगशील, मी कशाला मधे पडू."

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. पायरी दोघांना अरुंद होती. तरी बसले.

गुरुवारी दुपारी किनाऱ्यावर टेबलं जोडली. एलेउतेरियोच्या भावाकडून कोळंबी आणली होती, गव्हाच्या पातळ पोळ्या, लिंबं, मिरचीची चटणी. क्लोव्हिस आला. आयडेला त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि काही न बोलता त्याची कोळंबी सोलू लागली. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पोळी पुढे केली.

बर्निस उभी राहिली. "पोरांनो, गप्प! जरा तोंडं बंद करा. हा माणूस सतरा वर्षं आपल्या मागे होता. म्हणून आपण मागे वळून बघितलं नाही." तिने पाटी काढली, मोठ्याने वाचली, आणि हार्लनच्या हातात दिली. लाकूड चांगलं होतं. अक्षरं एका ओळीत नव्हती, पण खोल कोरलेली होती. बर्निसने कष्ट घेतले होते. बोटांनी ती वाचता येत होती.

"बोल, हार्लन!"

तो उठला. समोर क्लोव्हिस बसला होता तिथे नुसता डाग. नजर जरा बाजूला, लायलच्या खांद्यावर नेली, तेव्हा डागाच्या कडेला क्लोव्हिस दिसला. तो हार्लनकडेच बघत होता. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"लायलला हत्यारं दिली आहेत," हार्लन म्हणाला. "माणूस कामाचा आहे. थांबेल तो." त्याने पाटी टेबलावर ठेवली. "मार्व्हेल आज असायला हवी होती."

"झालं? सतरा वर्षांचं एवढंच?" बर्निस ओरडली.

"एवढंच."

"कमीच बोलतो बिचारा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी टेबल वाजवलं, कुणी डबा. आयडेलाचे हात कोळंबीच्या ताटावर तसेच राहिले. क्लोव्हिसला टाळी वाजवता येत नव्हती. तो उजवा तळवा स्वतःच्या मांडीवर आपटत होता, सावकाश, बाकीच्यांच्या तालात नाही. बाकीचे थांबले तरी तो दोन-तीनदा आपटतच राहिला.

तो आवाज थांबेपर्यंत हार्लन उभा राहिला. मग बसला.